मोकळ्या पट्ट्याची दोन पत्रकं

१२ ऑगस्ट, मंगळवार

दोन हजार पत्रकं छापायला खरं काय लागलं ते इथे लिहून ठेवतो, कारण पियूषला दिलेल्या बिलात ते येणार नाही. पनवेलहून आणलेला जाडा कागद. त्यातलं एक रिम पावसाळी हवेने फुगलं, वाया गेलं. निळ्या रंगाची प्लेट दोनदा करावी लागली. बायकोने, झुबेदाने, वाढलेलं जेवण दोन्ही दिवस थंड खाल्लं. ती काही बोलली नाही, म्हणजे पुढे कधीतरी बोलेल. आणि काशिफाने माझ्याशी अबोला धरलाय. सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि तो एका शब्दापायी झाला.

शब्द होता 'रिकामा'.

खारबंदरच्या कोळीवाड्यालगत, वाळूच्या पुळणीच्या वरच्या अंगाला, एक मोठी सपाट जागा आहे. कागदोपत्री ती जुन्या मालकाच्या मुंबईतल्या वारसांची. पनवेलच्या एका बिल्डरला तिथे समुद्रासमोर प्लॉट पाडून विकायचेत. पियूष हा त्याचा माणूस. जागेची खबर त्याला मीच दिली, त्यामुळे दलालीही माझी आणि छपाईही माझी. काशिफा माझी मुलगी. हायस्कुलात तासावर इंग्रजी शिकवते आणि घरी आली की छापखान्याचा कॉम्प्युटर सांभाळते. पियूषने पाठवलेला इंग्रजी मजकूर तिने मराठीत केला, पण 'रिकामा पट्टा' लिहायला तयार होईना. म्हणाली, "अब्बा, तिथे आठ महिने मासळी सुकते."

म्हटलं, "आणि चार महिने?"

"चार महिने पाऊस."

"मग आपण ऑगस्टात छापतोय."

ते शब्द शेवटी मीच टाइप केले. एका बोटाने, पण केले.

पत्रक मात्र देखणं झालंय. निळा आणि काळा एकमेकांवर असे बसलेत की मध्ये केसही जाणार नाही, आणि तेही एकरंगी मशीनवर, कागद दोनदा फिरवून. तालुक्यात हे दुसऱ्या कुणाला जमत नाही. लग्न असो, मयत असो, निवडणूक असो, या किनाऱ्यावर जे व्हायचं ते आधी माझ्या मशीनवर होतं. गावाला कळायच्या आधी नुरुद्दीनला कळलेलं असतं. हे मी फुशारकीने लिहीत नाही. धंदाच तसा आहे.

१३ ऑगस्ट, बुधवार

अबोला सुटला, आणि सुटला तोही एका शब्दानेच. पियूषच्या इंग्रजीत 'ट्रॅक्ट' असं होतं. मी मुद्दाम विचारलं, "ट्रॅक्ट म्हणजे ट्रॅक्टरचं काही का गं?" शिक्षिकेला चुकीचा प्रश्न विचारला की तिला गप्प बसवत नाही.

म्हणाली, ट्रॅक्ट म्हणजे जमिनीचा मोठा सलग पट्टा. दुसरा अर्थ पत्रक, छोटी पुस्तिका, बहुतेक धर्माची नाहीतर राजकारणाची, लोकांना काहीतरी पटवण्यासाठी वाटतात तशी. तिसरा अर्थ डॉक्टरांचा. घशापासून खाली अन्न जातं तो सगळा मार्ग.

मी म्हटलं, "म्हणजे जमीन, छापखाना आणि पोट. इंग्रजांनी माझे तिन्ही धंदे एका शब्दात बसवले."

ती हसली. आधी हसली, मग आठवून तोंड फिरवलं. पण हसली.

त्यावरून मला एक कल्पना सुचलीय. आमच्याकडे जमीन घ्यायला येणारा माणूस इंग्रजीत बोलतो. प्लॉट, पार्सल, ट्रॅक्ट, स्ट्रिप, होल्डिंग, इस्टेट. आमचा माणूस मान डोलावतो आणि सही करतो. पार्सल म्हणजे जमिनीचाही तुकडा असतो हे मलाच पन्नाशीनंतर कळलं, तोवर मी ते हॉटेलात मागत होतो. तर या सगळ्या शब्दांची खिशात मावेल अशी पुस्तिका काढायची. नाव 'जमिनीची इंग्रजी'. पहिल्या पानावर मोठ्या टायपात एकच वाक्य: न वाचता सही करू नका.

काशिफा म्हणाली, "हे तुम्ही लिहिणार?"

"मी लिहिणार, तू तपासणार, मीच छापणार."

"छापताना वाचणार का?"

या पोरीला सगळं माहीत आहे. मी छापतो ते वाचत नाही. आळस म्हणून नव्हे, ते कसब आहे. डोंगरीच्या छापखान्यात झाडू मारत शिरलो, तिथून कुवेतला गेलो, तिथे अठरा वर्षं अरबी, मल्याळी, फिलिपिनी काय काय छापलं. एक अक्षर कळत नव्हतं, आणि मालक म्हणायचा, नूरच्या कागदात खोट सापडत नाही. कारण सोपं आहे. डोळा अर्थात अडकला की तुटलेली वेलांटी दिसत नाही. वाचणाऱ्याला वाक्य दिसतं, छापणाऱ्याला शाई दिसली पाहिजे. मराठी छापतानाही मी कागद उलटा धरून बघतो.

१७ ऑगस्ट, रविवार

खारबंदरला जाऊन आलो. पियूषला मच्छीमार सोसायटीचं 'हरकत नाही'चं पत्र हवं होतं. अनंता सोसायटीचा चेअरमन. होड्या अजून अर्ध्या वर ओढलेल्या, तो डोलीचं जाळं शिवत बसला होता. मी पियूषचं सगळं सांगितलं. धक्क्याची दुरुस्ती करून देतील, बर्फाची मोठी पेटी देतील.

अनंता म्हणाला, "आमची काय हरकत, नूरभाई. आमी मासली आणून बंदराव टाकली की आमचा काम सरला. फुडचा बायकांचा."

"मग बायकांना विचारायचं का?"

"बायका काय सोसायटीच्या मेंबर हायेत?"

अंगठा दिला. सही येत नाही त्याला, आणि त्याची त्याला लाजही नाही. वारा वाचतो, तेवढं पुरे म्हणतो.

परतताना त्याच्या बायकोचं, नीराबाईचं, घर लागलं. ती ओट्यावर गेल्या मोसमातले सुके बोंबील निवडत होती, बरोबर चार-पाच बायका. माझे कान चांगले आहेत. मशीनचा एक स्क्रू सैल झाला तर मला खोलीबाहेरून कळतं. तेव्हा त्या काय बोलतायत ते ऐकायला मला थांबावं लागलं नाही. नीराबाई म्हणाली, "माजी जागा भाविकाला दिली औंदा. लगीन झाला ना तिचा." दुसरी म्हणाली, "वरल्या अंगाची दिलीस का दगडाकरची?" नीराबाई म्हणाली, "वरल्या अंगाची. सासून मला दिली ती मी सुनेला देनार, न्हायतर काय बिल्डरला?" सगळ्या हसल्या.

मग मला बघून ती म्हणाली, "या नुरूभाई, चाय घेता?"

घेतला. तिने विचारलं, "तुमचा कागद छापून झाला म्हनं. चांगला झालाय?"

म्हटलं, "फार छान झालाय."

"एक दाखवा की."

गाडीत गठ्ठा होता. एक दिलं. तिने ते हातात धरलं, बोटाने कागद चोळून बघितला, मग भाविकाकडे दिलं. भाविका तिची धाकटी सून, बारावी झालेली. भाविकाने वाचून दाखवलं. 'निसर्गरम्य, रिकामा, सलग पट्टा.' नीराबाईने एक वाईट बोंबील उचलून बाजूला टाकला आणि म्हणाली, "कागद जाड हाय."

मी म्हटलं, "पनवेलचा आहे."

२२ ऑगस्ट, शुक्रवार

जुम्म्याहून आलो आणि पुस्तिकेला बसलो. इंग्रजांकडे जमिनीला शब्द पुष्कळ, पण सगळे मापाचे नाहीतर मालकीचे. केवढी आणि कुणाची. आपल्याकडे तिथे काय होतं त्यावरून नाव. भरतीचं पाणी चढतं ते खाजण. मीठ पिकतं ते आगर. नुसतं गवत आणि नाचणी ती वरकस. सुपारी लावली ती वाडी. वाळू ती पुळण. काशिफाने दोन रकाने आखून दिलेत, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. उजवी बाजू नेहमी लांब होते.

खळ्याला अडलो. शेतातलं मळणीचं खळं नव्हे, मासळी सुकवायचं. काशिफा म्हणाली, "इंग्रजीत ड्राइंग ग्राउंड म्हणता येईल, पण सातबारावर ते येत नाही. तिथे पडच लिहितात."

मी म्हटलं, "ज्या जागेला कागदावर शब्द नाही ती विकायला सोपी."

मी हे गंमतीने म्हटलं. ती गंमतीने ऐकत नव्हती.

इथे खरं लिहायला हरकत नाही, ही वही कुणी बघत नाही. ती जागा गेली तर कोळीवाड्यातल्या चाळीसेक घरांना मासळी सुकवायला दुसरी जागा नाही. मागे डोंगर, पुढे पाणी. ओला बोंबील दुपारपर्यंत विकला नाही तर व्यापारी सांगेल त्या भावात जातो. सुकवला तर बाई सांगेल त्या भावात. एवढा फरक आहे. मला तो कळतो. पण मी नाही म्हटलं तर पियूष दुसरा दलाल गाठेल, आणि तो पत्रकं पनवेलला छापेल. दलाली आली तर मला दुरंगी मशीन घेता येईल. साठीनंतर कागद दोनदा फिरवायचा कंटाळा येतो.

झुबेदाला एवढंच म्हटलं की काशिफा हल्ली रागावलेली दिसते. ती म्हणाली, "तुम्ही कागद उलटा धरून बघता. पोरीकडे सरळ बघा एकदा."

बायकांचं बोलणं असंच असतं. सुरुवात कागदाने आणि शेवट माझ्यावर.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपतीच्या पावत्या, आरतीची कार्डं, ईद-ए-मिलादच्या जुलूसची पत्रकं, सगळं एकदम. वहीला वेळ नाही. पियूषचा फोन आला, चौदा सप्टेंबरला, रविवारी, गिऱ्हाइकं जागा बघायला आणणार. मुंबई, पुणे, ठाणे. मंडप घालायचा, चहा-नाश्ता माझ्याकडे. मीच त्याला तारीख सुचवली होती. गणपती गेलेले असतात, गवत गुडघाभर हिरवं, मासळी नाही, वास नाही. ऑक्टोबरपर्यंत थांबलो तर सगळं संपलं.

"चाचा, मान गये," तो म्हणाला.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज नीराबाई छापखान्यात आली. बरोबर भाविका. दोघी पावसात भिजलेल्या. काशिफाला सगळं आधीच माहीत असावं, कारण मजकूर कॉम्प्युटरवर तयार होता. हजार प्रती, गुलाबी कागद, एका बाजूला मराठी, पाठीमागे इंग्रजी.

मी विचारलं, "कसलं पत्रक, नीराबाई?"

"पावन्यांसाठी हाय."

नवरात्र तोंडावर आलंय, कोळीवाड्याची देवी मोठी, पाहुणे येणारच. बचत गटाने काही स्टॉल लावला असेल. मी खर्च सांगितला, थोडा कमी करून. नीराबाई म्हणाली, "कमी नको. तुमच्या खऱ्या भावान घ्या. मागून कुनी बोलायला नको." स्वाभिमानी बाई आहे.

प्रूफ निघालं. काशिफा माझ्यासमोर धरून म्हणाली, "अब्बा, हे मात्र वाचून घ्या."

म्हटलं, "वाचायचं काम गिऱ्हाइकाचं. नीराबाई, तुमचं समाधान झालं?"

"आमचा झाला. तुमी वाचा की."

"मी वाचायला लागलो तर छपाई बिघडेल."

"मग मी वाचून दाखवते," काशिफा म्हणाली, आणि खरंच सुरुवात केली. 'पाहुण्यांनो, या. ही जागा बघायला' असं काहीतरी. एवढ्यात मला ऐकू आलं की हळू चालत ठेवलेल्या मशीनचं कागद ओढणारं सक्शन दोन-दोन कागद उचलतंय. गुलाबी कागद पातळ असतो, पावसात एकमेकांना चिकटतो. मी उठून कागदांमध्ये हवा सोडली, मशीन पूर्ण वेगाने चालू केलं आणि कान लावून बसलो. काशिफाचे ओठ हलत होते. नंतर तेही थांबले. नीराबाई माझ्याकडे बघून हसत होती, मी मान हलवून हसलो.

छपाई अशी उतरली की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. गुलाबीवर काळा सहसा मरतो, हा मेला नाही. हातभर अंतरावरून दिसेल. खाली आमची ओळ, मुद्रक नूर प्रिंटिंग, श्रीवर्धन, ती काशिफाने जरा ठळक ठेवली होती. मला आवडलं. बापाचं नाव दिसावं असं पोरीला वाटतं, यात वाईट काय.

जाताना नीराबाई म्हणाली, "नुरूभाई, तुमी माणूस चांगले हो." उगाच.

१४ सप्टेंबर, रविवार

पाऊस थांबला, ऊन पडलं, गवत चमकत होतं. यापेक्षा चांगला दिवस मागूनही मिळाला नसता. मंडपात पंचवीसएक गाड्यांची माणसं आली. खोबऱ्याच्या करंज्या, चहा, पियूषचा मोठा नकाशा. मी माझी निळी पत्रकं सगळ्यांना दिली.

एक गोष्ट लक्षात आली. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आधीच गुलाबी पत्रक आणि कागदाची छोटी पुडी. रस्त्याच्या वळणावर, वडाखाली, नीराबाईच्या बायका नऊवारी नेसून, डोक्यात अबोली माळून उभ्या होत्या आणि प्रत्येक गाडीला हात करून वाटत होत्या. बाई धंद्याची पक्की. गिऱ्हाईक आमचं, आणि सुके बोंबील ती विकतेय. मी पियूषला म्हटलंसुद्धा, "बघ, शिक यांच्याकडून." तो फोनवर होता.

लोक वाचत मात्र होते. निळं घडी करून खिशात, गुलाबी उघडं हातात. छपाईचा फरक असतो.

ठाण्याचे एक गृहस्थ, रिटायर्ड बँकवाले, मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे ऑक्टोबर ते मे असतं का हो?"

म्हटलं, "हो हो, ऑक्टोबर ते मे. तोच तर इथला खरा सीझन. तेव्हा येऊन बघा, पावसाळ्यात काय आहे."

"आणि पहाटे चारला?"

"पहाटे तर विचारू नका. ती गंमत मुंबईत मिळणार नाही."

त्यांनी बायकोकडे बघितलं. बायकोने पुडी नाकाशी नेली आणि परत पर्समध्ये ठेवली. दोघं माझे आभार मानून गेले. म्हणाले, "तुम्ही फार प्रामाणिक आहात." दलालाला हे वाक्य आयुष्यात कितीदा ऐकायला मिळतं?

जाताना लोक हसत होते. काही जण वडाखाली गाडी थांबवून आणखी बोंबील घेत होते. बुकिंग एकही झालं नाही, पण पहिल्याच दिवशी कोण पैसे काढतो. हवा चांगली आहे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पियूष फोन उचलत नाही. दोनदा केला. मोठा बिल्डर, पितृपक्षात व्यवहार करत नसेल.

गावात मात्र माझी वट वाढलीय, कारण कळत नाही. धक्क्यावर गेलो तर कोळ्यांची पोरं गाडीला वाट करून देतात. चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. मासळीबाजारात सुरमई घेतली, तर बाईने वर एक बांगडा टाकला आणि म्हणाली, "तुमाला न्हाय तर कुनाला?" त्या रविवारच्या मंडपाचा परिणाम असावा. गावाला कार्यक्रम आवडतो.

झुबेदाला सांगितलं. तिने सुरमई हातात घेतली, काही वेळ बघितली आणि म्हणाली, "तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"काही नाही. मीठ संपलंय."

७ ऑक्टोबर, मंगळवार

पियूष आज स्वतः आला. बसला नाही. काउंटरवर गुलाबी पत्रक ठेवलं, हाताने सपाट केलं. म्हणाला, "चाचा, आपसे ये उम्मीद नहीं थी. माझ्याकडून दलाली पण घेणार आणि त्यांचं पण छापणार?"

मी कागद सवयीने उलटा केला.

"उलटा नको. पढो ना."

तेव्हा वाचलं. मजकूर इथे उतरवून ठेवतो.

'पाहुण्यांनो, या. ही जागा बघायला आलात, बरं वाटलं. सध्या पाऊस आहे म्हणून इथे गवत दिसतंय. हे आमचं मासळी सुकवायचं खळं आहे. नवरात्र सरलं की आम्ही गवत कापतो, जमीन चोपतो आणि बांबू उभे करतो. ऑक्टोबर ते मे इथे बोंबील, जवळा आणि मांदेली सुकतात. होड्या पहाटे चारला लागतात, तेव्हा आम्ही येतो आणि मोठ्याने बोलतो. वास येतो. आम्हाला तो येत नाही, तुम्हाला येईल. इथली जागा सासू सुनेला देते, ती कुठल्या कागदावर नाही, पण कुठली कुणाची हे आम्हाला पाठ आहे. तुम्ही घर बांधलंत तरी आम्ही येणारच, कारण आम्हाला दुसरं खळं नाही. शेजारी होऊ. सोबत दिलेल्या बोंबलाची चटणी करून बघा. आवडली तर पुढच्या वेळी विकत घ्या. खारबंदर कोळीवाड्यातल्या बायका.'

खाली माझं नाव. ठळक.

यात खोटं एक अक्षर नाही. शिवी नाही, धमकी नाही, मोर्चा नाही. मी स्वतः बसलो असतो तरी माल न विकण्यासाठी इतकं चांगलं लिहू शकलो नसतो. आणि वेलांटी एकही तुटलेली नाही.

पियूषला म्हटलं, "मी वाचलं नव्हतं रे."

"आप मजाक कर रहे हो. आपने छापा और पढा नहीं? ठाण्यावाल्या साहेबांनी तर सांगितलं, एजंटने स्वतः कन्फर्म केलं. ऑक्टोबर ते मे, पहाटे चार, सगळं."

त्याला पाणी दिलं. तो म्हणाला, सेठने दापोलीकडे दुसरी जागा धरलीय, हा विषय बंद. पाणी प्यायला आणि गेला. माझी दलाली त्याच्याबरोबर गेली, दुरंगी मशीनही गेलं.

संध्याकाळी काशिफा शाळेतून आली. पत्रक काउंटरवरच होतं. तिने आधी ते बघितलं, मग माझ्याकडे.

म्हटलं, "मला सांगायचं नाही?"

"सांगितलं ना. वाचा म्हटलं. मग वाचून दाखवायला लागले. तुम्ही मशीन चालू केलंत."

"सक्शन बिघडलं होतं."

"हो. मला वाटलं, तुम्हाला ऐकायचं नाहीये म्हणून चालू केलंत. नीराबाईंना वाटलं, तुम्ही ऐकलंत आणि तरी छापताय. म्हणून त्या तसं म्हणाल्या."

"काय?"

"माणूस चांगले हो म्हणून."

मी पुस्तिकेची पानं काढून बसलो. रागवावं की नाही हे ठरवायला काहीतरी हातात लागतं. ती उठून गेली नाही, समोरच बसली. मग मी म्हटलं, "शेवटी खळ्याचं इंग्रजी काय टाकायचं?"

"डावीकडची जागा मोकळी सोडा," ती म्हणाली.

सोडली.

८ नोव्हेंबर, शनिवार

पुस्तिकेच्या प्रती घेऊन खारबंदरला गेलो. जायला हवं होतं, महिनाभर टाळत होतो. तिथे आता गवत नाही. जमीन चोपून गुळगुळीत केलेली, बांबूंच्या रांगा, त्यावर बोंबील तोंडात तोंड अडकवून लटकवलेले, एका बाजूला जाळ्यावर जवळा पसरलेला. वास गाडीच्या काचा बंद असतानाच आला. भाविका वरच्या अंगाला तिच्या जागेवर होती, नवी असल्यामुळे तिचं काम हळू चाललं होतं आणि बाकीच्या तिला टोमणे मारत होत्या.

नीराबाई म्हणाली, "या नुरूभाई. फोटो काढा आता, रिकामा पट्टा."

हसण्यात माझा नंबर दुसऱ्या कुणाहून मागे नव्हता.

मग मी तिला खरं ते सांगितलं. तिने मला चांगला समजून जो मान दिला तो फुकट खाणं बरं वाटेना. म्हटलं, "नीराबाई, त्या दिवशी मी ते वाचलं नव्हतं. ऐकलंही नव्हतं. मला माहीत असतं तर छापलं असतं की नाही, सांगता येत नाही."

तिने हातातला बोंबील बांबूवर टाकला. "ठाव हाय मला."

"कधीपासून?"

"तवाच. काशिफा वाचीत व्हती आनि तुमी मशीनकडं कान लावून बसलेलाव. म्या भाविकाला म्हटला, गप ऱ्हा, छापून होऊ दे."

"मग चांगला माणूस कुठल्या हिशेबाने म्हणालात?"

"पोरीला तिच्या मनाचा लिवू दिलाव. दुसऱ्यान कॉम्प्युटर बंद केला असता."

अनंता बाजूला सावलीत बसून हे ऐकत होता. मी त्याला म्हटलं, "तू अंगठा दिलास, तुझीही चूक माझ्याएवढीच."

तो म्हणाला, "माजी चूक कवाच निस्तरली. हिनं मला पत्रक भाविकाकडून वाचून दावला, तुमच्याकडं छापायला न्यायच्या आदी. म्हटली, ऐक, मग रविवारी त्या मंडपात जाऊ नको." त्याने विडी पेटवली. "बंदरावल्या सगल्यांनाच वाचून दावला व्हता. चायवाल्याला बी."

घरी येऊन झुबेदाला विचारलं. तिलाही काशिफाने छापायच्या आदल्या दिवशी वाचून दाखवलं होतं.

म्हणजे अख्ख्या गावात ते पत्रक सगळ्यांत शेवटी वाचणारा मी.